हात धुऊन येते

"ज़रा पकड़ना भैया, मैं हाथ धोके आई."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की अजूनही कुणी साबण मागितला की मला मॅडम आठवतात. म्हणायच्या अगदी साध्या सुरात, हातातलं दुधाचं पातेलं घटकाभर कुणाकडे द्यावं तशा. मांडीवरचं चार-आठ दिवसांचं बाळ उचलायचं, चौकटीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या बापाच्या हातांवर ठेवायचं, आणि तो काही बोलायच्या आत आपली हिरवी साबणदाणी घेऊन अंगणाकडे चालू लागायचं. मागे तो बाप तसाच उभा. कोपरं ताठ, मान खाली, श्वास रोखलेला.

तुम्ही म्हणाल, नर्सबाई आहेत, हात धुणारच. पण बाळाला हात लावण्याआधी त्यांनी हात धुतलेलेच असायचे, कोपरापर्यंत, नखांसकट. हे दुसऱ्यांदा धुणं स्वच्छतेसाठी नव्हतंच. आणि ते लवकर संपायचंही नाही. घरात नळ असला तर त्यांना बाहेरचा हातपंप दिसायचा. फेस काढता काढता शेजारच्या शेळीची चौकशी व्हायची. विद्यार्थिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. मला सुरुवातीला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं खूळ लागलंय.

आमच्या ग्वाल्हेरकडे एक रीत आहे. वडीलधाऱ्यांसमोर माणसानं स्वतःचं मूल उचलायचं नाही. भावाचं उचलावं, शेजाऱ्याचं उचलावं, आपलं नाही. आपल्या पोराचं कौतुक आपणच बापासमोर करणं म्हणजे निर्लज्जपणा. दख्खनमधून इथं येऊन राहिलेल्या आम्हा मराठी घरांतही ही रीत कधी शिरली, कुणाला ठाऊक नाही. त्यासाठी कुणी ओरडत नाही, मारत नाही. म्हातारा नुसता खाकरतो आणि पोरगा हात मागे घेतो. सगळं घर एका खोलीत राहतं तिथं म्हातारा कायम समोरच असतो. मग त्या माणसाच्या हाती आपलं मूल लागतं कधी? ते रांगत स्वतःच त्याच्या पायाशी येतं तेव्हा.

"रीतीशी भांडायला आपण कोण?" मॅडम म्हणायच्या. "पण नर्सला हात धुवायचेत, तिनं सांगितलं म्हणून धरलं, यात कसला निर्लज्जपणा?"

आणि खरंच, सासू गप्प बसायची, सासरा भिंतीकडे बघायचा, घुंगटाआडून बाळंतीण हसायची. मॅडम हात पुसत परत येईपर्यंत त्या बापाची कोपरं जरा सैल झालेली असायची. कुणी एक बोट बाळाच्या मुठीत दिलेलं असायचं. त्या आल्यावर बाळ परत देताना बहुतेकांना जरा वेळ लागायचा. तो वेळ मॅडम लक्ष देऊन पाहायच्या.

मॅडम आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रोफेसर होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची ट्यूटर. शहरातल्या कंपू भागातल्या दवाखान्यांतून बाळंत होऊन बायका घरी जातात आणि मग त्यांचं काय होतं ते कुणी बघत नाही. अशा गरीब घरांत पहिले काही आठवडे नर्स जात राहिली, तर आईला, बापाला आणि बाळाला त्याचा काय उपयोग होतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आम्ही मिळून टेकडीखालच्या वस्त्यांत जायचो. अंगावर कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, असा त्यांचा थाट. नावामागे डॉक्टर लावण्याइतकं शिकलेल्या होत्या, पण वस्तीत कुणी "डॉक्टरनीजी" म्हटलं की लगेच थांबवायच्या. "नर्स हूँ. नर्स बोलो."

त्या जुन्या दरबारी घराण्यातल्या, मी शिपाईगड्यांच्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा बरं, पण घाई झाली की दोघी सारख्याच. "अगं, जल्दी चल ना, बाळ झोपून जाईल," असं त्या गल्लीतून ओरडायच्या. पुण्याहून आलेली माझी एक मावसबहीण ते ऐकून इतकी हसली की मला तिचा राग आला होता.

एकदा मात्र मॅडमची चांगलीच फजिती झाली. नवं घर होतं, दारात एक तरुण उभा होता. मॅडमनी बाळ तपासलं, त्याच्या हातात दिलं आणि गेल्या हातपंपावर. तो बिचारा नीट धरून उभा राहिला. मानेखाली हात, डोकं छातीशी, सगळं बरोबर. मॅडम परत आल्यावर खूष होऊन म्हणाल्या, "वाह, तुम्हें तो सब आता है." तेव्हा तो हळूच बोलला, "मैडम, मैं तो बिजली का मीटर देखने आया था." बाळंतीण तोंडावर पदर घेऊन गदागदा हलत होती. बाळाचा बाप मागच्या बाजूला दाढी करत होता. मॅडमनी त्या मीटरवाल्याला विचारलं, "शादी हुई?" तो लाजला, म्हणाला, अजून नाही. "हो जाए तो याद रखना," म्हणून त्यांनी बाळ काढून घेतलं आणि साबण लागलेल्या चेहऱ्याच्या खऱ्या बापाला बोलावलं.

या कामाचा लेख त्यांनी एका मासिकाला पाठवला तेव्हा तिकडून प्रश्न आला, बापांच्या बाबतीत नर्सनं नेमकं काय केलं ते स्पष्ट करावं. मॅडम कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मला म्हणाल्या, "लिही, नर्सनं हात धुतले."

"किती वेळ, असं विचारतील मॅडम."

"लिही, लागेल तितका."

मी तसं लिहिलं नाही, मोठ्या इंग्रजीत लिहिलं. ते वाचून त्या म्हणाल्या, "एवढंच तर म्हटलं होतं मी."

वस्तीत त्यांना सोडायला काका यायचे. काका म्हणजे मॅडमचे यजमान, बाड्याच्या चौकातल्या बँकेतून रिटायर झालेले. उंच, कमी बोलणारे, थंडीत मफलर, उन्हाळ्यात टोपी. ते स्कूटर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे. स्कूटर घराच्या दिशेनं वळवून ठेवायची, सीटवर बसायचं आणि वर्तमानपत्र उघडायचं. आम्ही बाहेर आलो की विचारायचे, "झालं?" मॅडम म्हणायच्या, "झालं." मग ते पाण्याची बाटली पुढे करायचे. थंडीत खिशात तिळगुळाची गजक असायची, ती मोडून दोघींना द्यायचे, मॅडमना मोठा तुकडा. आतमध्ये या म्हणून वस्तीतले लोक किती आग्रह करायचे, खाट टाकायचे, चहा पाठवायचे. काका चहा घ्यायचे, आत मात्र कधी आले नाहीत. मला वाटायचं, संकोची आहेत.

मग एका थंडीत ते घर आलं. एकच खोली, खिडकीला गोधडी ठोकलेली, कोपऱ्यात शेगडी, वर एक पिवळा बल्ब. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून करतात तसं. बाळ आईच्या कुशीत झोपलेलं. सासू कौतुकानं सांगत होती, "बड़ा सीधा है, रोता ही नहीं." मॅडम एरवी कुणाच्या घरातल्या वस्तूला न विचारता हात लावत नसत. त्या दिवशी त्यांनी ती गोधडी खस्सकन ओढून काढली. खिळा उडून माझ्या पायाशी पडला. बाळाला घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या, त्याच्या कपाळावर बोट दाबून पाहिलं, मग छातीवर, मग तळपायांवर. बोट उचललं की खालची कातडी हळदीसारखी दिसत होती.

"चप्पल पहनो," त्या बाळाच्या आईला म्हणाल्या. "अभी चलना है."

आम्ही गल्लीतून जवळजवळ पळतच बाहेर आलो. काकांनी आम्हाला पाहिलं, मॅडमच्या हातातलं बाळ पाहिलं आणि काही न विचारता पेपर टाकून रिक्षा आणायला धावले. त्या वयात त्यांना तसं धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं. रिक्षा आली तेव्हा ते पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले आणि कंपूतल्या दवाखान्यापर्यंत एकदाही मागे वळले नाहीत.

बाळ वाचलं. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं, दोन-चार दिवसांत दूध ओढायला लागलं. पण त्या दुपारी आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. काका खाली उन्हात उभे होते. मॅडम खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या.

"माझं बाळ असंच होतं," त्या म्हणाल्या.

त्यांना मूल नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. होऊन गेलेलं माहीत नव्हतं.

"मी तेव्हाही नर्सच होते गं. नुकतीच कॉलेजात लागले होते. घरी आणलं त्याला, आणि अशीच खोली. खिडकीला गोधडी, शेगडी, पिवळा बल्ब. त्या बल्बखाली मीही पिवळीच दिसायचे. सासूबाई म्हणायच्या, किती शांत आहे, छान झोपतो. तो झोपतच होता. प्यायला उठत नव्हता. पहिलं बाळंतपण, अंगात ताप, मला काही समजेना."

"आणि काका?"

"हे बँकेतून आले की दाराशी उभे राहायचे. आत मामंजी बसलेले असायचे. हे विचारायचे, बरा आहे ना? आतून कुणीतरी म्हणायचं, बरा आहे. झालं. कसे आत येतील? कसे उचलतील? एकदा जरी हातात घेऊन दाराशी आणलं असतं ना कुणी, उजेडात... मी यांना दोष नाही देत. कधीच नाही दिला. पण ते स्वतःला देतात."

वॉर्डातून कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. दोघींनी कान देऊन ऐकलं. ते आमचं नव्हतं.

"यांनी त्याला उचललं एकदाच," मॅडम म्हणाल्या. "नेताना."

एवढ्या लहान मुलाला तिरडी नसते. बाप हातांवर घेऊन जातो. हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत असेल. पण खाली उन्हात उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडे बघताना ते पहिल्यांदा समजलं, आणि मला रडू आलं. मॅडम नाही रडल्या. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"तेव्हापासून हे कुठल्याच तान्ह्या बाळाला हात लावत नाहीत. बहिणीच्या नातवालाही नाही लावला. एवढ्या बापांच्या हातांत मी मूल दिलं, एकाच्या हातात द्यायचं राहिलंय. गल्लीच्या तोंडाशी उभा असतो तो."

त्यानंतर आम्ही कुठल्याही घरात गेलो आणि मॅडम साबणदाणी घेऊन उठल्या की माझी नजर दाराबाहेर जायची. गल्ली वळलेली असली तर काका दिसायचे नाहीत, सरळ असली तर पेपर दिसायचा. तो पेपर ते वाचत नसावेत, असं मला वाटायला लागलं होतं.

कॉलेजात याच सुमारास एक बैठक झाली. घरोघर जायला माणसं लागतात, वेळ लागतो, त्यापेक्षा फोन करावा असं वरच्यांच्या मनात आलं. एक साहेब फार गोड आवाजात म्हणाले, "मैडम, फ़ोन पर भी तो सब पूछ सकते हैं."

"फ़ोन पर नाल की बदबू नहीं आती, सर," मॅडम म्हणाल्या. नाळ पिकली की तिला वास येतो, तो जवळ गेल्याशिवाय कळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. साहेबांना नसावं, ते जरा मागे सरकले. "और बच्चा पीला है कि नहीं, ये कौन बताएगा? अँधेरे कमरे में माँ को भी नहीं दिखता. नर्स हो, तो भी नहीं दिखता." शेवटचं वाक्य कशाबद्दल होतं ते त्या खोलीत एकट्या मला कळलं. साहेबांनी चष्मा पुसला. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मुकेशचं घर आमच्याकडे आलं ते त्यानंतर. मुकेश सराफ्यात चांदीच्या पैंजणांना पॉलिश करतो. त्याला आणि रजनीला पहिली मुलगी झाली होती, तिला सगळे गुड़िया म्हणायचे. आम्ही गेलो तेव्हा त्याचा बाप खाटेवर बसलेला आणि मुकेश नेहमीच्या जागी, चौकटीला टेकून. मॅडम गुड़ियाला घेऊन उठल्या तसे त्यानं हात पाठीमागे नेले.

"मैडम, हाथ काले हैं मेरे. ये निकलता नहीं."

मॅडमनी त्याचे हात पुढे ओढून पाहिले. पॉलिशचा काळेपणा रेषारेषांत बसला होता, नखं तर शाईत बुडवल्यासारखी. त्यांनी आपली साबणदाणी त्याला दिली. ती त्यांनी कुणाला दिलेली मी याआधी पाहिली नव्हती. "जा, पहले तू धो ले. मैं इसे पकड़े हूँ."

तो बराच वेळ घासत राहिला आणि तसेच काळे हात घेऊन परत आला. "बोला था ना," म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "ये रंग है भैया, मैल थोड़ी है," आणि गुड़ियाला त्याच्या हातांवर ठेवून अंगणात गेल्या. खाटेवरचा म्हातारा खाकरला. मुकेश घाबरून पोरीला रजनीकडे देणार, तेवढ्यात पंपापाशी उभ्या मॅडमचा आवाज आला, "भैया, रुकना अभी. साबुन आँख में चला गया." म्हाताऱ्यानं पुन्हा खाकरून पाहिलं. साबण डोळ्यांतून काही निघेना. शेवटी म्हाताराच उठून बिडी प्यायला बाहेर गेला.

पुढच्या खेपेला मुकेशच गुड़ियाला घेऊन दाराशी उभा होता. आम्ही दिसताच तिला उजेडाकडे धरून म्हणाला, "मैडम, देखो तो, पीली तो नहीं?" मॅडमना तेव्हा जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. त्या खेपेला त्या हात धुवायला गेल्याच नाहीत.

त्याच दिवसांत त्यांच्या पोटात गाठ निघाली. कुठली, कसली, ते सगळं त्यांना आमच्याआधी कळत होतं, म्हणून कुणाला धीरही देता येईना. मुकेशच्या घरची शेवटची भेट त्यांनी हट्टानं स्वतः केली. चालताना मध्येच थांबत होत्या. गुड़ियाचं वजन झालं, रजनीशी बोलणं झालं, आणि मॅडम पोरीला खांद्याशी घेऊन उठल्या. मला वाटलं, मुकेशकडे देतील. त्या त्याच्या बाजूनं गल्लीत उतरल्या.

सकाळचं ऊन होतं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर, स्कूटरवर काका. मॅडम हळूहळू चालत त्यांच्यासमोर गेल्या. मागे मुकेश, त्याच्या मागे मी.

"अहो, हिला जरा धरता? हात धुऊन येते."

ते वाक्य मी मराठीत पहिल्यांदा ऐकलं. काकांनी पेपर खाली केला. गुड़ियाकडे पाहिलं. गुड़िया जागी होती, त्यांच्या मफलरकडे टक लावून बघत होती. काकांचे दोन्ही हात पेपर धरून होते, त्यांनी तो सोडला नाही.

"स्कूटर बघतोय ना मी," ते म्हणाले.

गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. स्कूटर स्टँडवर उभी होती, तिला लॉक होतं. मॅडमनी गुड़ियाला पुन्हा खांद्याशी घेतलं. मग "बरं" म्हणाल्या आणि वळल्या.

मुकेशनं सगळं पाहिलं होतं. परत जाताना त्यानं हळूच विचारलं, "बाबूजी को आदत नहीं है?"

"नहीं है, भैया."

"मुझे भी कहाँ थी," मुकेश म्हणाला.

मॅडमनी पोर त्याच्याकडे दिली आणि पंपावर गेल्या. मी मागोमाग गेले. त्या नुसत्या पंपाच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. साबणदाणी पिशवीतून काढलीच नव्हती.

नंतरचे महिने घरातले. मी रोज कॉलेज सुटलं की जायची. काका सगळं करत होते आणि त्यांना सगळं येत होतं. वेणी घालणं, पेज भरवणं, कूस वळवणं. पलंगावर बसूनच तसराळ्यात त्यांचे हात धुवायचे, तोच साबण लावून, एकेक बोट. मॅडम हात त्यांच्या हाती सोडून डोळे मिटून असायच्या. एवढ्या हळुवार हातांच्या माणसानं आयुष्यभर एकही मूल खेळवलं नाही, असं मनात यायचं आणि मला त्या घराचा, त्या रीतीचा, सगळ्याचाच राग यायचा.

एका संध्याकाळी काका औषध आणायला गेले होते. मॅडम म्हणाल्या, "यांच्या हातांत काहीतरी देत जा गं. मी गेल्यावर. रिकामे हात त्यांना चांगले नाही लागत."

"काय देऊ?"

"काहीही. मटार सोलायला दे."

आम्ही दोघी हसलो. त्यानंतर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. होळीच्या आधी गेल्या.

कॉलेजात आता फोन करतात. ते काम माझ्याकडे आहे. एका खोलीत बसून मी घरोघर फोन लावते आणि विचारते, बाळ दूध पितं का, पिवळं दिसतं का. पलीकडून येतं, "हाँ जी, सब ठीक है." सगळ्यांचं सगळं ठीक असतं. फोन ठेवल्यावर मला त्या घराची खिडकी दिसत राहते, गोधडी ठोकलेली. जमेल तेव्हा सुटीच्या दिवशी मी स्कूटीवर जाऊन येते. सगळीकडे जाणं होत नाही.

मॅडमचं तेरावं उरकलं, माणसं पांगली, त्यानंतर मुकेशचा फोन आला. "दीदी, मैडम का घर किधर है?" मी बाड्यावर जाऊन त्यांना घेऊन आले. रजनीनं नवी साडी नेसली होती. गुड़िया आता मान धरत होती, हाताला लागेल ते ओढत होती.

घरात काका आणि त्यांची बहीण होती. आत्याबाई गुड़ियाला बघून माझ्या कानाशी म्हणाल्या, "अशा घरात तान्हं मूल आणतं का कुणी?" काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून. मॅडमच्या फोटोसमोर मुकेश आणि रजनी वाकले. गुड़ियाचं डोकंही टेकवलं.

मुकेश उठला. दोन पावलांत काकांच्या समोर गेला.

"बाबूजी, ज़रा पकड़ना. मैं हाथ धोके आया."

काकांनी वर बघेपर्यंत गुड़िया त्यांच्या हातांवर होती आणि मुकेश मागच्या दारातून अंगणात उतरला होता. त्याचे हात मी येतानाच पाहिले होते. त्या दिवशी ते स्वच्छ होते. कशानं घासले होते कोण जाणे, नखंसुद्धा पांढरी होती.

अंगणातला नळ सुरू झाला. काका खुर्चीत ताठ बसले होते. कोपरं ताठ, मान खाली, श्वास रोखलेला. आत्याबाई घाईनं उठल्या, "दे रे इकडे," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. रजनी पदर सावरून फोटोकडे बघत राहिली, पोरीला घ्यायला हलली नाही. गुड़ियानं काकांच्या सदऱ्याचं बटण पकडलं आणि तोंडात घालायला ओढलं. ओढताना तिचा तोल गेला, तसा काकांचा एक हात आपोआप तिच्या मानेखाली गेला.

नळ चालूच होता. काका उठले. सावकाश, तिला छातीशी धरून. आम्हाला वाटलं, मुकेशकडे द्यायला निघाले. ते पुढच्या दाराशी गेले, उंबऱ्यापाशी, जिथं ऊन येत होतं. तिथं थांबून त्यांनी तिचं तोंड उजेडाकडे केलं, कपाळावर एक बोट हलकेच दाबलं, उचललं आणि वाकून बघत राहिले.

"अगं, बघ गं जरा," ते मला म्हणाले. "पिवळी नाहीये ना?"

मी जवळ गेले. मला नीट दिसत नव्हतं.

"नाही काका," मी म्हटलं. "छान आहे."